बोल्ट अडला तर हाणू नका: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

जावळी, पाटणकडच्या शेतीसंरक्षण परवानाधारकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘.३१५ रायफलचा बोल्ट पूर्ण बंद होत नसेल तर चेंबरमध्ये तेल सोडा आणि हँडलवर जोरात हाणा.’ बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा. दोन्ही उपाय चूक, आणि तेल तर धोक्याचं. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) भिंतीला धरून राहत नाही. बार उडाल्याचा धक्का जास्त जोराने बोल्टवर येतो.

नळी सुरक्षित दिशेला धरून मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि काडतूस काढा. मग रिकामा बोल्ट सावकाश लावून बघा. ही रचना ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीची, त्यामुळे बंद होताना शेवटी स्प्रिंगचा जोर लागणारच. तो बिघाड नव्हे. त्याआधीच अडला तर चेंबरमध्ये काजळी, गंज किंवा तुटलेल्या पुंगळीचा तुकडा शोधा.

रिकामा नीट बंद होतो? मग काडतुसं तपासा. चेपलेली पुंगळी बाजूला काढा. या काडतुसाच्या बुडाला कड असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की ते पुढे सरकताना अडकतं. बिचाऱ्या रायफलीचा काय दोष!

आणि बोल्ट घासून घ्यायला लेथवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो.