एका मुलीसाठी गाडी

आजच्या मासिक आढावा बैठकीत मला सर्वांसमक्ष विचारण्यात आले, "सिस्टर, एका मुलीसाठी तुम्ही अख्खा दिवस गाडी नेता, तेवढ्या वेळात दोन शाळा झाल्या नसत्या का?" तिथे मला दोन वाक्यांपलीकडे बोलू दिले गेले नाही, म्हणून माझे संपूर्ण उत्तर येथे लिहीत आहे.

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सामुदायिक परिचारिका आहे. ठरलेल्या दिवशी आमचे पथक ग्रामीण रुग्णालयात ओपीडी घेते, शाळांमध्ये जाते, आणि शाळकरी व महाविद्यालयीन मुलांचा पाठपुरावा मुख्यतः माझ्याकडे असतो. हा पाठपुरावा हेच माझे खरे काम आहे. आमच्या अहवालात किती शाळा घेतल्या आणि किती विद्यार्थी उपस्थित होते याचे रकाने आहेत. मात्र गेल्या महिन्यात तपासलेले मूल या महिन्यात कसे आहे, हे विचारणारा एकही रकाना नाही.

ज्या मुलीवरून आज प्रश्न विचारला गेला, तिची ओळख पटेल असे काहीही मी लिहिणार नाही. ती नववीत होती आणि पोट दुखते म्हणून तिने शाळा सोडली होती. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, देवस्थानालाही नेऊन झाले, पण कशातच काही निघाले नाही. अखेर आशाताईंनी तिच्या आईला मजुरी बुडवून ओपीडीत आणायला लावले, तेव्हा तिचे नैराश्य उघड झाले आणि डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन सुरू केले. अहवालाच्या दृष्टीने हा रुग्ण तिथेच संपला.

प्रत्यक्षात काम तिथून सुरू होते. या औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्या दिवसांतच सुरू होते. शिवाय लहान वयाच्या रुग्णांमध्ये उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असतो, म्हणून या काळात त्यांच्यावर जवळून लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष कोणी ठेवायचे? महिन्यातून एकदा तालुक्याला येणाऱ्या डॉक्टरांनी, की शेजारच्या गावात कार्यक्रम घेऊन फोटो पाठवणाऱ्या आम्ही?

मी तिच्या घरी गेले तेव्हा गोळ्या बंद झालेल्या होत्या, कारण "सवय लागेल" असे शेजारणीने सांगितले होते. ती जिथे झोपत असे त्याच खोलीत कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे ठेवलेले होते. ओपीडीच्या टेबलावरून हे डबे कोणालाही दिसले नसते. आजीशी बोलून ते गोठ्याजवळच्या पेटीत कुलूपबंद केले आणि किल्ली आजीने आपल्याकडे ठेवली. मग मी त्या मुलीला बाजूला घेऊन, मरून जावेसे वाटते का, असे सरळ विचारले. ती बराच वेळ रडली आणि त्यानंतर पहिल्यांदाच पोटदुखीखेरीज दुसरे काही बोलली. असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसते विचार शिरतात, ही समजूत अनेक शिक्षकांच्या आणि, सांगताना वाईट वाटते, आमच्याच खात्यातील काही जणांच्या मनातही घट्ट आहे. ती चुकीची आहे. विचारणारे कोणीतरी भेटल्यामुळे मुलाचा भार हलका होतो.

क्षयरोगाच्या एका रुग्णाने गोळ्या सोडल्या, तर त्याच्या दारापर्यंत जाणे हे आरोग्य खात्याचे कर्तव्य आहे, याबद्दल कोणाचेही दुमत नसते. मग या मुलीच्या दारापर्यंत जाणे चैन कशी ठरते? मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे, असे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. निम्मे मानसिक आजार वयाच्या १४व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, हे आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो, माना डोलावतो, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा उपस्थितीची आकडेवारी जुळवत बसतो. मला याचा अतिशय संताप येतो.

शाळेतील कार्यक्रम निरुपयोगी नाहीत, हे मान्य करायला हवे. ही मुलगीदेखील आधी तिच्या वर्गशिक्षिकेच्याच लक्षात आली आणि त्यांनीच आशाताईंना निरोप दिला होता. गाडी एकच आहे आणि डिझेलला मर्यादा आहे, हेही खरे. परंतु सभागृहात दोनशे मुलांसमोर बोलून झाल्यावर जे मूल दाराशी घुटमळत राहते, त्याला पुन्हा भेटायला कोणी येणारच नसेल, तर आपण त्या मुलाला बोलते तरी कशासाठी करतो?

दुसरी गोष्ट माणसे टिकण्याची. आमच्या नेमणुका कंत्राटी, अकरा महिन्यांच्या. मुलाचा विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो बसेपर्यंत सिस्टर बदललेली असते. नव्या माणसाला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, हे मोठ्यांनाही जमत नाही. माझ्या आधीच्या सहकारी गेल्यानंतर त्यांच्या नोंदवहीतील कित्येक मुले ओपीडीला आलीच नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण त्या मुलीच्या आईची आठवण झाली. गेल्या भेटीत त्यांनी मला विचारले, "ताई, हिचं लग्न होईल ना?" पूर्वी असा प्रश्न ऐकला की मला राग येत असे. आता समजते की आपल्या मुलीला पुढे आयुष्य आहे का, हेच त्या विचारत असतात. मी त्यांना सांगितले की आधी ती दहावीला बसेल. ती आता आठवड्यातले बहुतेक दिवस शाळेत जाते. पोट अजून अधूनमधून दुखते, आणि दुखले की ती घरी सांगते.

माझ्या मित्रयादीत बरेच शिक्षक आहेत, त्यांना एक विनंती करते. एखादे मूल वारंवार पोट किंवा डोके दुखते म्हणून घरी राहत असेल, एकाएकी गप्प झाले असेल, तर तपासण्या अवश्य करून घ्या, पण त्यात काही निघाले नाही म्हणून त्याला कामचुकार ठरवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. घरच्यांना ओपीडीपर्यंत येणे परवडत नसेल, तर आशाताईंकडे माझ्यासाठी निरोप ठेवा, मी त्यांच्या घरी जाईन.