शून्य वॅटचा माणूस

गेल्या काही दिवसांपासून जिन्यात भेटणारी माणसं माझ्याशी जरा खालच्या आवाजात बोलू लागली आहेत. एकाने तर खांद्यावर हात ठेवून "आम्हालाही सांगा की, कसं जमवलंत ते" असं म्हणत डोळा मारला. मी वीज चोरतो, अशी बातमी आहे.

बातमीचं मूळ एवढंच, की मी घरात वीज मोजायचं यंत्र बसवून घेतलं. काडेपेटीहून थोडं मोठं खोकं आणि त्याला जोडलेला एक चिमटा. चिमटा डीबीत, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या पेटीत, येणाऱ्या मुख्य वायरीभोवती अडकवायचा, खोकं वायफायला जोडायचं आणि घर या क्षणी किती वॅट खातंय ते फोनवर बघत बसायचं. वायर कुठे कापावी-सोलावी लागत नाही. तिच्यातून प्रवाह वाहताना भोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यावरून चिमट्याला प्रवाह कळतो. तरी डीबीचं झाकण आपण उघडणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून वायरमन बोलावला. त्याने झाकण काढलं, चिमटा अडकवला, झाकण लावलं, "झालं" म्हणाला आणि गेला. काय झालं ते फोनवर आलं : ० वॅट.

आणि नेमके त्याच वेळी काका दारात उभे होते.

काका शेजारचे. निवृत्त आहेत. इमारतीत कुठेही स्क्रूड्रायव्हर बाहेर निघाला की त्यांना कसं कळतं, देव जाणे. हात पाठीमागे बांधून ते डीबीकडे बघत होते.

"हे काय बसवलंत?"

"वीज किती जाते ते कळतं याने."

"ते बिलावर येतं की."

"बिल महिन्याने येतं, काका. हे आत्ताचं दाखवतं."

"आत्ताचं कळून काय करणार? गेलेली परत येणार आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"आणि हे चालतं कशावर?"

"विजेवर."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे वीज कुठे जाते हे बघायला वीज घालवायची."

"दोन-तीन वॅट असतील हो फार तर."

"असतील? मोजले नाहीत?"

खरं तर तेव्हाच दार लावून घ्यायला हवं होतं, पण शेजारधर्म आडवा आला. काकांनी फोन हातात घेतला. छताकडे पाहिलं.

"पंखा चालू आहे."

"हो."

"फ्रिज?"

"तोही."

"आणि हा म्हणतोय शून्य." मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम कुजबुजत, "मला सांगितलंत तरी चालेल. मी कुठे बोलणार नाही."

मी घाईघाईने समजवायला गेलो. म्हटलं, वायरमनने चिमटा फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर मिळून अडकवलाय. फेजमधून जेवढा प्रवाह आत येतो, तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो. दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात, म्हणून शून्य. शॉकपासून जीव वाचवणारा डीबीतला स्विच, आरसीसीबी, याच तत्त्वावर चालतो. आत येणारा आणि परत जाणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, प्रवाह जमिनीत चाललाय, की तो खटका पाडतो. मला वाटलं, जीव वाचवण्याचं उदाहरण दिलं की विषय जरा गंभीर होईल.

"थांबा," काका म्हणाले. "जेवढी येते तेवढी परत जाते?"

"प्रवाह. हो."

"सगळी?"

"सगळा."

"मग बिल कशाचं?"

"प्रवाहाचं नाही हो, ऊर्जेचं. प्रवाह येतो, पंखा फिरवतो, परत जातो. पंखा फिरवायला जी ऊर्जा लागली तिचं बिल."

"म्हणजे घेतलं तेवढं परत केलं, तरी पैसे भरायचे." काकांचा चेहरा आयुष्यभराचा एखादा संशय खरा ठरावा तसा उजळला. "चाळीस वर्षं भरतोय मी."

आपण चोर नाही हे सिद्ध करण्यासाठी मी त्यांना खाली मीटरपाशी नेलं. म्हटलं, हा लाल दिवा लुकलुकतोय ना, तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तसं मीटरवरच छापलंय. म्हणजे माझ्या घरात वीज जातेय आणि रीतसर मोजली जातेय. काका म्हणाले, "बघतो", आणि मोजायला लागले. मोठ्याने. घरात आठशे वॅट चालू असतील तर ३२०० लुकलुकायला सव्वा तास लागतो, हे मी सांगितलं, पण ते बावन्नवर होते, मान हलवली आणि बोटाने गप्प बसायची खूण केली. मी वर निघून आलो. संध्याकाळची वेळ, माणसं कामावरून परतत होती, आणि प्रत्येकजण विचारत होता, "काका, काय मोजताय?" आणि काका, दरवेळी आकडा चुकल्याने वैतागून, सांगत होते, "ह्यांच्या घरात वीज शून्य आहे म्हणतात. तेच बघतोय." बातमी इथून निघाली.

काकांना नुसतं हसण्यावारी नेता येत नाही, हीच पंचाईत आहे. वीज मोजायला वीज जाळण्याचा प्रकार एडिसनच्या काळापासूनचा. त्याच्या सुरुवातीच्या मीटरमध्ये जस्ताच्या क्षाराचं द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिन्याने माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाई, तराजूत तोलून बिल काढी. आपण काय वापरलं हे ग्राहकाला कळायचा काही मार्गच नव्हता. आणि थंडीत द्रावण गोठू नये म्हणून त्याच खोक्यात एक दिवा पेटता ठेवावा लागे. काका तेव्हा असते तर एडिसनला म्हणाले असते, "दिव्याचे पैसे कोणाच्या पट्टीत?"

वायरमन पुन्हा आला, न्यूट्रल बाहेर काढून चिमटा नुसत्या फेजवर लावला. आता आलं उणे ६४०. चिमट्यावर प्रवाहाच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो त्याने उलटा बसवला होता. काका अर्थातच हजर होते. "आता तुम्ही कंपनीला वीज विकताय," ते म्हणाले, आणि या वेळी आवाजात आदर होता. बाण सरळ झाला तेव्हा आदरही गेला.

पण माझा खरा राग काकांवर नाही. माझ्या भिंतीतली वायर, तिच्यावर माझा चिमटा, आणि तो काय म्हणतो ते वाचायला मी आधी खातं उघडायचं, ईमेल द्यायचा, ठिकाण द्यायचं, जन्मतारीख द्यायची. वीज मोजायला माझी जन्मतारीख कशाला? यंत्राला वायफाय चालतं ते फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, आणि ते बसवायचं लोखंडी झाकणाच्या डीबीत, जिथे वायफायची रेंज पोचत नाही. शेवटी खोकं बाहेर लोंबकळतं ठेवलं. इंटरनेट गेलं की आकडा गायब. वीज घरात, मी घरात, आणि आकडा कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर. मागच्या आठवड्याचा आलेख पाहायचा तर वर्गणी भरा. माझ्याच विजेचा हिशेब मलाच भाड्याने!

जे फुकट दिसतं तेही काही सुखाचं नाही. रात्री सगळे झोपलेले, दिवे बंद, आणि घर १४० वॅट खातंय. म्हणजे दिवसाला ३.३६ युनिट, महिन्याला शंभराच्या आसपास, आणि कशासाठी, तर कशासाठीच नाही. मध्यरात्री डीबीतला एकेक खटका (एमसीबी) पाडत मी शोध घेतला. सगळ्यात निगरगट्ट निघाला तो सेट-टॉप बॉक्स. रिमोटवरचं लाल बटण दाबलं की तो हिरवा दिवा लाल करतो, आतून तसाच जागा राहतो. सतत दहा वॅट ओढणारी वस्तू वर्षाला ८७.६ युनिट खाते. बंद करायचं बटण देऊन वस्तू बंद होऊ न देणं याला मी तरी फसवणूक म्हणतो. फोनचा रिकामा चार्जर, ज्याच्यावरून मी मुलांना वर्षानुवर्षं बोललो, तो मात्र या आकड्यात कुठे दिसतसुद्धा नाही. मुलांना हे अजून सांगितलेलं नाही.

घरातलं वातावरणही बिघडलंय. गिझर लावला की दोन हजार वॅटची उडी येते आणि फोन टिंग करतो. "गिझर लावला की तुझा फोन वाजतो," बायको म्हणाली, "आणि मग तू बाथरूमचं दार वाजवतोस. यातलं काहीतरी एक बंद कर." मुलीने माझा आवाज काढत "कोण आहे रे दोन हजारवर?" अशी नक्कल बसवली आहे, आणि ती आलेल्या-गेलेल्यांना करून दाखवते.

आज सकाळी काका बिल घेऊन आले. चष्मा नाकावर, बोट एका ओळीवर.

"साठ युनिट जास्त आलंय."

"उकाडा होता, काका. पंखे जास्त चालले असतील."

"त्या दिवशी तुमच्याकडे शून्य होतं. ती वीज गेली कुठे?"

"काका, हे मागच्या महिन्याचं बिल आहे. माझं यंत्र आत्ता बसलंय."

काकांनी तारीख पाहिली. बिलाची व्यवस्थित घडी घातली, खिशात ठेवली.

"ठीक आहे," म्हणाले. "पुढचं येऊ द्या."