चित्रानं चूल पेटत नाही, हे मान्य, पण...

नमस्कार. कोल्हापूरच्या बंद पडलेल्या शाहू मिलच्या, म्हणजे जुन्या कापडगिरणीच्या, जागेत कलाकेंद्र व्हावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "माझे वडील तिथं राबले. मिल बंद पडली तेव्हा घरात काय चाललं होतं, ते आम्हाला विचारा. तिथं कारखाना आणा. चित्रानं चूल पेटत नाही." शिवाय मी त्या आवाराला 'ओसाड' म्हटलं, याचा तुम्हाला राग आलाय.

राग रास्त आहे. माझे चुलते साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते. मागात आडवा धागा नेणारा त्यांचा धोटा आमच्या घरी अजून आहे. हाताळून हाताळून लाकूड काळं, गुळगुळीत झालंय, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या आहेत आणि सुताची कांडी बसते त्या खोबणीत सुताचा एक तुकडा अडकून राहिलाय. चुलते घरातसुद्धा तोंडापेक्षा हातवाऱ्यांनी जास्त बोलायचे, कारण साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू यायचा नाही. हे सगळं माहीत असून मी 'ओसाड' लिहिलं. तो शब्द मी काढून टाकतोय.

पण काम एकीकडे आणि कला दुसरीकडे, अशी जी वाटणी तुम्ही केलीत, ती मला पटत नाही. कोल्हापूरला तर ती मुळीच लागू पडत नाही.

मिलचा पाया १९०६ साली शाहू महाराजांनी घातला. त्याच महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, आणि त्याला लागून असलेलं खासबागचं कुस्तीचं मैदान त्याच्याही आधी. पोटाचा उद्योग, नाटक आणि कुस्ती, तिन्ही त्यांना रयतेसाठी हवं होतं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, तेव्हा इथले रंगकर्मी ढसाढसा रडले. कलेची जागा गेली की गावाचं काय जातं, हे त्या रात्री आपण सगळ्यांनी बघितलं.

आणि बाबूराव पेंटर कोण होते? मूळ आडनाव मेस्त्री. कारागिराचं घर. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना आणि त्यांचे बंधू आनंदराव यांना सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करायचा ध्यास लागला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन काम तडीस नेलं आणि कॅमेरा १९१८ साली तयार झाला. ते काम होतं की कला? आजही पुतळा घडवणारा आपला शिल्पकार शेवटी ओतकाम करणाऱ्याच्या भट्टीपाशीच जातो. साचा, धातू, कानस, पॉलिश. ओतकामाचे साचे करणाऱ्या मोल्डरची आणि शिल्पकाराची भाषा निम्मी एकच आहे.

आता इमारतीचं सांगतो, कारण माझा जीव खरा तिथं अडकलाय. कापडगिरण्यांत विणकामाच्या शेडला बहुतेक ठिकाणी करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असायचं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. त्यामुळं ऊन थेट आत येत नाही. दिवसभर सारखा, सावल्या न पाडणारा उजेड मिळतो आणि साच्यावर तुटलेला धागा लगेच दिसतो. चित्रकार खोली शोधताना नेमका हाच उत्तरेचा उजेड मागतो. गिरणीची शेड पाडून वर काँक्रीटचं कलादालन बांधायचं आणि मग दिवसा ट्यूबलाइट लावायच्या, याला मी विकास म्हणणार नाही.

तुमची एक भीती मात्र मलाही आहे. आज चित्रं, उद्या महागडं हॉटेल, परवा मॉल. मुंबईत हे झालंच. १९९१च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेला आणि एक भाग परवडणाऱ्या घरांना मिळायचा होता. २००१च्या बदलानं ती वाटणी फक्त गिरणीतल्या आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि लोकांच्या वाट्याला फार थोडं आलं. म्हणून जागेची मालकी सार्वजनिक राहिली पाहिजे. यात तडजोड नको.

वेगळंही घडू शकतं. ब्राझीलमध्ये साओ पावलोला पिंपांचा एक जुना कारखाना होता. लीना बो बार्दी ही वास्तुरचनाकार १९७६च्या सुमारास तो बघायला गेली, तर पोरं आत फुटबॉल खेळत होती आणि कुटुंबं रविवार घालवायला आली होती. तिनं ठरवलं, हे इथून हलवायचं नाही. १९८२ साली त्याच शेडमध्ये वाचनालय, नाट्यगृह, खानावळ आणि मातकाम-छपाईच्या कार्यशाळा सुरू झाल्या. नंतर पोहण्याचा तलावही आला. चालवते सेस्क ही संस्था. व्यापारी आस्थापनांच्या पगारपत्रकावर दीड टक्का वर्गणी बसते, त्यातून तिचा खर्च निघतो. त्यामुळं कलाकाराच्या भाड्यावर ती जगत नाही.

आपल्याकडं एखाद्या शेडमध्ये गारमेंटची युनिट आली तरी माझी हरकत नाही, उलट येऊ देत. शेजारच्या शेडमध्ये ओतकाम, पडदे रंगवणं, कापडावरची छपाई शिकवा. रोजगार तिथंही आहे. मात्र कुणा कामगाराचं देणं राहिलं असेल, तर ते आधी द्या, मग बाकीचं. हे मी पहिल्या लेखात लिहायला हवं होतं, ते आज त्यात घालतोय.

तुमच्या वडिलांचं खातं कोणतं होतं, तेवढं कळवा. आणि त्यांच्या हाताखालचं एखादं हत्यार, बिल्ला, पासबुक घरात असेल तर जपून ठेवा. तिथं काहीही उभं राहिलं तरी दारातली पहिली खोली त्या वस्तूंची असावी, यासाठी मी लिहीत राहीन.