दोनशे एक नंबर कोणाचा?

विदर्भातल्या खेड्यातलं जुनं घर म्हटलं की दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती आल्या. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर चढतो तेव्हाही आतल्या खोलीत माणसाला डुलकी लागते, हे त्या भिंतींचं पुण्य. त्याच खोलीत मोबाइलची एक दांडी टिकत नाही, हे त्यांचंच पाप. त्यामुळे ओसरीतून स्वयंपाकघरात, तिथून कोठ्यात आणि कोठ्यातून वावरात निरोप पोचवायचं साधन एकच, घसा. ‘माय वं, पाहुणे आले!’ ही आरोळी घरच्यांच्या आधी शेजारच्यांना ऐकू जाते आणि चहाचं आधण तिकडे आधी चढतं.

हे थांबवायचं असेल तर घरातच टेलिफोन एक्स्चेंज उभारता येतं. त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नाव ॲस्टरिस्क. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने लिहायला घेतलं. त्याच्या छोट्या कंपनीला एक्स्चेंज विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने ते लिहूनच काढलं. आपल्याकडे अशा वेळी माणूस शेजाऱ्याचा फोन वापरतो. असो. ज्यांना काळ्या पडद्यावर टाइप करायची हौस नाही त्यांनी ॲस्टरिस्कवर बसणारं फ्रीपीबीएक्स घ्यावं. सगळं ब्राउझरमध्ये दिसतं. सॉफ्टवेअर एका संध्याकाळी चढतं. नंतरचे दिवस जातात ते आपलं घर त्याला समजावण्यात.

पहिला प्रश्न, बसवायचं कशावर? हौशी लोक रास्पबेरी पाय या एका पाटीवरच्या संगणकाचं नाव घेतात. लहानसं असतं, वीज कमी खातं, सगळं खरं. पण त्याचा जीव मेमरी कार्डात, आणि लाइट गेली की कार्डावर अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. असं काही वेळा झालं की कार्ड बिघडतं आणि एक्स्चेंज उठत नाही. शिवाय पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट आली आणि इंटरनेट आलं नाही, तर ते जुन्याच वेळेला धरून बसतं. माझं मत जुन्या लॅपटॉपला. चार बटणं निघालेली असोत, बिजागरी खिळखिळी असो. ४ जीबी रॅम आणि तग धरणारी बॅटरी असली की झालं. लाइट गेल्यावर तो आपोआप स्वतःच्या बॅटरीवर जातो. फ्रीपीबीएक्स १७ ला डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि ६४ बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर लागतो, तोही इथे आयता मिळतो.

लॅपटॉपचा धोका वेगळा. घरात कोणीतरी धूळ पुसायला येतं आणि ‘उघडं काहून ठेवलं’ म्हणून झाकण लावून जातं. झाकण लागलं की लॅपटॉप झोपतो, आणि त्याच्याबरोबर घरादाराचे फोन. म्हणून लिनक्सच्या लॉगइनडी नावाच्या सेवेच्या सेटिंग फाइलमध्ये (logind.conf) ‘हँडल लिड स्विच’ समोर ‘इग्नोर’ लिहायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं, हे पहिलं काम. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता पक्का करायचा, हे दुसरं. नाहीतर एखाद्या सकाळी राउटर त्याला नवा पत्ता देतो, आणि सगळे फोन जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात.

राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा लागतो. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला साधा मोड. साध्या मोडमध्ये लाइट जाताना जो क्षणभराचा झटका बसतो तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि चालू बोलणं तुटतं. म्हणून यूपीएस मोड. पण यूपीएस मोडला साधारण १८० व्होल्टच्या खालची लाइट चालत नाही. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि रात्री दहाला ऐन वेळी मान टाकतो. यावर राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा आणि मोठ्या इन्व्हर्टरला पंखे सांभाळू द्यावेत.

आता वायर. लॅनची वायर १०० मीटरपर्यंतच चालते, आणि घरातल्या घरात तेवढी पुरते. फक्त ती धान्याच्या पोत्यांमागून नेऊ नये; उंदरांना त्या प्लास्टिकची फार आवड. कौलांवरून नेली तर वानरं झोके घेतात. भिंतीच्या कडेने पाइपातून न्यावी, विषय संपला. वावर कुठे शंभर मीटरवर असतं? तिथे ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ समोरासमोर लावायचे, एक धाब्यावर, एक विहिरीजवळच्या खांबावर. मधे काही आडवं येता कामा नये. लोक मे महिन्यात मोकळ्या वेळात ही जोडणी करतात. तेव्हा साग बोडका असतो, सिग्नल फक्कड येतो. पावसाळा लागला, सागाला तळहातापेक्षा मोठी पानं फुटली, की लिंक तुटायला लागते आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. जुलैमध्ये जे दिसेल तेच खरं मानून खांबाची उंची ठरवावी. एका बोलण्याला जेमतेम १०० केबीपीएस लागतात. वेग नको, अखंडपणा हवा.

अशा रेडिओला बहुधा २४ व्होल्ट लागतात, म्हणून १२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठी एक जोडून सोलर पॅनलवर ठेवतात. इथे एक गोष्ट पक्की समजावी. वावरात १२ व्होल्टची बॅटरी दिसली की ती रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनकडे जाणार. दोनातली एक गेली तरी रेडिओ मेला. तारेचं कुंपण राखायचं की फोन, असा प्रश्न कपाशीला बोंडं लागल्यावर कोणी विचारू नये, कुंपणच जिंकतं. त्या मशीनला वेगळी बॅटरी द्या. आणि टेलिफोनची वायर कुंपणाला समांतर नेऊ नका, अर्थिंगचे रॉडही दूर गाडा. नाहीतर झटक्याबरोबर सेकंदा-सेकंदाला कानात ‘टक्, टक्’ वाजतं. उघड्यावरून लांब तांब्याची वायर ओढण्याचा मोह तर मुळीच नको. मृगात वीज कडाडते तेव्हा ती वायर थेट घरात पाहुणी घेऊन येते.

फोन नवे घ्यायची गरज नाही. पेटीतला जुना बटणांचा फोन काढायचा आणि एटीए नावाच्या डबीला जोडायचा; ती साध्या फोनला नेटवर्कवर आणते. या डबीवर एकसारखी दिसणारी भोकं असतात आणि तिथेच घोटाळा होतो. एफएक्सएस हे भोक फोनसाठी, एफएक्सओ हे बाहेरून आलेल्या टेलिफोन लाइनसाठी. एफएक्सएस स्वतः वीज देतं आणि लाइनही वीज देते; दोघांना एकमेकांत खुपसलं तर डबी जाते. दुसरं, डबी अमेरिकन टोन घेऊन येते. तिकडची रिंग २ सेकंद वाजते आणि ४ सेकंद गप्प बसते. ट्रिंग-ट्रिंगवर वाढलेले आबाजी तो लांब सूर ऐकून ‘एंगेज हाये’ म्हणून फोन ठेवून देतात. डबीच्या सेटिंगमध्ये टोन भारतीय करावा: ४०० हर्ट्झ, ०.४ सेकंद वाजणं, ०.२ थांबणं, पुन्हा ०.४ वाजणं आणि २ सेकंद शांतता. एवढं केलं की आबाजींचा विश्वास बसतो.

यानंतर खरा प्रसंग. नंबर.

घरातल्या फोनांना १०० पासून नंबर देऊ नयेत. १०० पोलिसांचा, १०१ अग्निशमनाचा, १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ सगळ्यांचा. अडीअडचणीला माणूस १०८ फिरवेल आणि कोठ्यातला फोन वाजेल. म्हणून २०१ पासून सुरुवात. पण २०१ कोणाला? ओसरीला दिला तर तो आबाजींचा झाला. स्वयंपाकघराला दिला तर मोठ्या आईचा. वरच्या माडीला दिला तर ‘लहान्याला पहिला नंबर काहून?’ खोलीला नंबर दिला, माणसाला नाही, असं कितीही सांगा. प्रत्येक खोलीला मालक असतो. यातून एकच सुटका आहे: २०१ वर इको टेस्ट ठेवावी. ॲस्टरिस्कमध्ये इको नावाचा आदेश आहे, तो आपलं बोलणं आपल्यालाच परत ऐकवतो. आवाज जातो-येतो की नाही हे तपासायला तो लागतोच. पहिला नंबर मशीनचा, मग कोणाचीच हरकत नसते. शिवाय घरात एकजण तरी आपण म्हणू ते जसंच्या तसं मान्य करतो.

मग रिंग ग्रुप. बाहेरून फोन आला तर आधी कुठे वाजावा? ‘रिंगऑल’ लावलं की सगळीकडे एकदम वाजतो आणि जो तो म्हणतो, उचलेल कोणीतरी. ‘हंट’ लावलं की क्रमाने वाजतो. मानाने पहिली पाळी आबाजींची, २० सेकंद. त्यांना बाजेवरून उठून, चष्मा शोधून पोचायला पाऊण मिनिट. उचलतात तेव्हा रिंग पुढे सरकलेली, कानात नुसता डायल टोन. ‘काटला! मी उचलला अन् काटला!’ ज्याचा फोन होता तो पाहुणा कायमचा मनातून उतरतो. एकत्र कुटुंबासाठी खरा पर्याय ‘मेमरीहंट’. आधी पहिला वाजतो, मग पहिला आणि दुसरा, मग तिन्ही. वडीलधाऱ्यांची रिंग कोणी काढून घेत नाही, खालचे फक्त सामील होत जातात. हे ज्याने बनवलं त्याच्या घरी तीन सुना असणार, असा माझा अंदाज आहे.

सगळं वाजायला लागलं की पुढची तक्रार ठरलेली: ‘मले तुह्यं ऐकू येऊन राहिलं, तुले माह्यं येऊन नाही राहिलं.’ एकतर्फी आवाज. कारण असं की फोन लावण्याचा निरोप सिप नावाच्या पद्धतीने जातो आणि आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने, वेगळ्या वाटेने. आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता निरोपातच लिहिलेला असतो, आणि राउटरच्या मागे बसलेला फोन तिथे आपला १९२.१६८ वाला घरचा पत्ता लिहितो. मुंबईला पाठवलेल्या पत्रात उत्तराचा पत्ता ‘मधली खोली’ एवढाच लिहावा, तसं हे. घर आणि वावर यांच्यात हे होत असेल तर रेडिओ राउटर मोडवर आहे असं समजावं. दोन्ही रेडिओ ब्रिज मोडवर आणावेत, म्हणजे घर आणि वावर एकाच नेटवर्कमध्ये येतात. बाहेरगावच्या फोनसाठी फ्रीपीबीएक्सच्या सिप सेटिंगमध्ये बाहेरचा आणि घरचा पत्ता नीट भरावा आणि डायरेक्ट मीडिया, म्हणजे एक्स्चेंजला वगळून आवाज थेट फोन ते फोन पाठवणं, बंद करावं. राउटरमध्ये सिप एएलजी नावाची मदतनीस सोय असते, तीही बंद. ती पत्ते दुरुस्त करायला जाते आणि आणखी बिघडवते. गावात अशी माणसं असतात, राउटरमध्येही आहेत.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर घड्याळ लावून खात्री करा आणि खूश व्हा, कारण रोग सापडला. फोन उचलल्याचा निरोप पोचला, पण ‘पोचला’ ही पावती परत आली नाही, तर सिप ५०० मिलिसेकंदांच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट पाहून नाद सोडतं. वऱ्हाडात ३२ सेकंदांत ‘जेवण झालं काय, ढोरं आले काय, पाणी आलं काय’ एवढंच होतं. फोन कशासाठी केला होता ते तेहतिसाव्या सेकंदाला निघतं. उपाय वरचाच, पत्ते आणि एएलजी.

पुण्याला शिकणाऱ्या पोट्ट्यालाही घरचा नंबर हवा असतो. त्यासाठी राउटरचं ५०६० पोर्ट, म्हणजे सिपचे निरोप आत येण्याचं दार, उघडू नये. उघडलं की काही तासांत जगभरातली यंत्रं १०० आणि १२३४ असे पासवर्ड घालून दार वाजवायला लागतात. बाहेरची लाइन जोडलेली असली तर तुमच्या पैशाने परदेशी बोलणारे भेटतात. नसली तरी रात्री दोनला फोन वाजतो, उचलला की पलीकडे कोणी नाही. सकाळपर्यंत ही बातमी सांदवाडीतल्या चिंचेशी जोडली जाते आणि लिंबू-मिरची येते. डबीत ‘फक्त आपल्या सर्व्हरचे कॉल घ्या’ ही खूण करावी आणि पोट्ट्याला वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खाजगी वाटेने, आत घ्यावं. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर बाहेरून कोणी थेट आत येऊच शकत नाही. एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर मधे ठेवावा लागतो. पोट्ट्याच्या मोबाइलवर लिनफोन हे सिपवर बोलायचं ॲप टाकून बॅटरीची बचत त्या ॲपपुरती बंद करावी, नाहीतर फोन खिशात गेला की ॲप झोपतं. बाहेरच्या साध्या नंबरांशी जोडायचं असेल तर परवाना असलेल्या कंपनीकडूनच सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी टेलिफोन लाइन, घ्यावा. सिमकार्डांचं खोकं लावून परदेशी कॉल गावात उतरवणं हा सरळ गुन्हा आहे.

व्हॉइसमेल शक्यतो लावूच नये. मशीन म्हणतं, निरोप ठेवा. पलीकडून उत्तर येतं, ‘हालो… हालो… कोण बोलून राहिलं?’ त्याला उत्तर मिळत नाही, म्हणून आवाज वाढतो. ३ सेकंदांपेक्षा लहान निरोप टाकून देण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण तिचा फायदा नाही; आपल्याकडचं ‘हालो’ त्याहून लांब चालतं.