स्टार आपण निवडतो म्हणे!

‘पूर्वी रेकॉर्ड कंपन्या ठरवायच्या, आता जनता ठरवते.’ पॉप संगीतावर गप्पा निघाल्या की हे वाक्य कुणीतरी टाकतंच आणि बाकीचे माना डोलावतात. मला ते अर्धंच पटतं. गाणं लोकांपुढे ठेवायला आता कुणाची परवानगी लागत नाही, हे शंभर टक्के खरं. गायिका बिली आयलिशने भावाने लिहिलेलं गाणं २०१५ मध्ये साउंडक्लाउड या गाण्यांच्या साइटवर टाकलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि ते तिला आपल्या नृत्यशिक्षकांपर्यंत पोचवायचं होतं, इतकंच. गाणं कुठल्या कुठे गेलं. कंपन्यांच्या दारात ताटकळण्याच्या काळात हे घडलं नसतं.

पण गाणं टाकणं वेगळं आणि ते ऐकलं जाणं वेगळं. या दोन्हींच्या मधे एक आकडा बसलेला असतो. व्ह्यूजचा.

हा आकडा काय करतो, हे पाहायला कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक झकास प्रयोग केला होता. २००६ मध्ये तो ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या बँडची ४८ गाणी आणि ऐकणारे चौदा हजारांहून जास्त. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट पाडले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय, हे त्यांना दिसू दिलं. गाणी तीच, प्रत्येक गटात सुरुवात शून्यापासून. तरी गटागणिक लोकप्रिय गाणी वेगळी निघाली! आकडे न बघता ऐकणाऱ्यांच्या पसंतीत २६व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टुकार सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. शिवाय आकडे दिसायला लागल्यावर पुढे असलेल्या आणि मागे पडलेल्या गाण्यांतलं अंतरही वाढलं.

आता ते गाणं जिथे पहिलं आलं त्या गटातल्या कुणालाही विचारा, हे गाणं का गाजलं? तो छातीठोकपणे सांगेल, ‘अहो, गाणंच तसं आहे!’ आपण तरी वेगळं काय म्हणतो?

जस्टिन बीबरचंच बघा. आईने त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले होते आणि पुढे त्याचा मॅनेजर झालेल्या स्कूटर ब्रॉनने त्यातल्या एकावर चुकून क्लिक केलं. पोराला गाता येत होतं, वादच नाही. पण गाता येणारी पोरं तेव्हाही यूट्यूबवर ढिगाने होती. त्यांच्या वाट्याला ती चुकीची क्लिक आली नाही. (बीबरच्या चाहत्यांनो, दमाने घ्या.)

दुसरी गंमत अशी की इंटरनेटवर पुष्कळदा गाणं स्टार होतं, माणूस नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये बिलबोर्डने ‘हॉट १००’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीसाठी यूट्यूबचे व्ह्यूज धरायला सुरुवात केली आणि लगेच बाउअरचं ‘हार्लेम शेक’ थेट पहिल्या क्रमांकावर येऊन बसलं. जगभर लोक त्याच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर वेडेवाकडे नाचत होते. त्यातल्या किती जणांना बाउअर कोण हे माहीत होतं? रॅपर लिल नास एक्स याला मात्र हा खेळ पक्का कळला होता. इंटरनेटवर ३० डॉलरला घेतलेली बीट (म्हणजे गाण्यामागचं तयार संगीत), दोन मिनिटांहूनही छोटं गाणं, आणि ते चालावं म्हणून स्वतःच बनवून फिरवलेले मीम्स. २०१९ मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तो तेव्हाचा विक्रम होता. गाण्याइतकीच मेहनत त्याने गाणं पसरवण्यावर घेतली, म्हणून गाण्याबरोबर त्याचं नावही झालं.

आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. पसरवण्याची ही मेहनत पूर्वी कंपनी करायची, पैसेही तीच लावायची, आणि गाणं पडलं तर बुडायचेही तिचेच. (करारात ती कलाकाराला पिळून घ्यायची ते वेगळं. तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणत नाहीये.) आता हजारो पोरंपोरी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या झोपेचं खोबरं करून रोज व्हिडिओ टाकतात. कंपनी शांतपणे बघत बसते आणि ज्याचा आकडा उडतो त्याच्याकडे करार घेऊन जाते. नाव झालेल्यांचीही यातून सुटका नाही. टिकटॉकवर व्हायरल झाल्याचा देखावा उभा केल्याशिवाय कंपनी आपलं गाणं येऊ देत नाहीये, असं हॅल्सीने २०२२ मध्ये उघड सांगितलं होतं. हॅल्सीची ही गत, तर नवख्यांचं काय! त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही.

मला विचाराल तर नव्या गाण्याचे व्ह्यूज पहिले काही आठवडे कुणालाच दिसू नयेत. लोकांनी आधी ऐकावं, मग आकडा उघडावा. अशक्य अजिबात नाही. यूट्यूबने २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा प्रेक्षकांपासून लपवलाच की! पण व्ह्यूजचा कुणी लपवणार नाही. त्या आकड्यावर जाहिराती विकल्या जातात आणि कंपन्यांना नवे गायक फुकटात चाळून मिळतात.