कोचने हो म्हटलं म्हणजे ॲडमिशन झाली असं नसतं

मागच्या रविवारी कोल्हापूरहून मावसभावाचा फोन आला, आवाजातच पेढे. "ताई, झालं बघ पोरीचं काम! अमेरिकेतल्या एका कोचचा मेल आलाय, तू आमच्या टीमला पाहिजेस म्हणतोय." पोरगी टेनिस खेळते, चांगलीच खेळते, बारावीला आहे. मी विचारलं ॲडमिशन ऑफिसकडून काय आलंय, तर म्हणे, "अगं कोचच हो म्हणतोय म्हटल्यावर ऑफिस काय करणार?" फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तिथलाच एक जुना किस्सा सांगते. २००७ चा ऑगस्ट. साउथ कॅरोलिना युनिव्हर्सिटी, फुटबॉल कोच स्टीव्ह स्पर्रियर. (हे फुटबॉल म्हणजे बॉल हातात धरून पळायचं आणि समोरच्याला आडवं करायचं ते, आपलं शाहू स्टेडियमवरचं नव्हे. पण वेड तेवढंच. पाटाकडील आणि शिवाजीची मॅच असली की कोल्हापूर कसं असतं, तसं तिथे सीझनमधल्या प्रत्येक शनिवारी.) माणूस साधा नाही, खेळाडू म्हणून १९६६ ची हाइजमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची), कोच म्हणून १९९६ ला फ्लोरिडाला नॅशनल टायटल. तर त्याने टीमसाठी घेतलेल्या दोन पोरांना युनिव्हर्सिटीच्या कमिटीने ॲडमिशन नाकारली, सीझन तोंडावर आलेला असताना. तो भडकला आणि सरळ पत्रकारांसमोर बोलला, की पात्र ठरलेल्या पोरांना तुम्ही घेणार नसाल तर मला दुसरीकडे जावं लागेल, मी कुणाला ये म्हणायचं आणि तुम्ही त्याला दारातून परत पाठवायचं हे चालणार नाही.

आता आपली मराठी मध्यमवर्गीय प्रतिक्रिया काय असते ते मला माहितीय, कारण माझीही तीच होती. बघा, खेळासाठी शिक्षणाचा दर्जा पाडायला निघाला, बरं झालं कमिटीने हाणून पाडलं. अभ्यास आधी, खेळ नंतर, घरोघरी हेच ऐकून मोठे झालो आपण.

पण तो "पात्र" म्हणतो ते काय आहे ते बघा. कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था एनसीएए, तिची स्वतःची अट असते, शाळेतले ठराविक मुख्य विषय, त्यातले गुण, आणि तेव्हा एसएटीचा, म्हणजे तिथल्या कॉलेज प्रवेश परीक्षेचा, स्कोअरही. हे दोन्ही तराजूसारखं, शाळेचे गुण जास्त तर एसएटी कमी चालायची, इतकी की गुण ४ पैकी ३.५५ असतील तर एसएटीला ४०० सुद्धा पुरायचे. ४०० म्हणजे त्या परीक्षेतला तळ, त्याच्याखाली स्कोअर जातच नव्हता. (२०२३ पासून तर एनसीएएने ती परीक्षेची अटच काढून टाकली.) म्हणजे आपल्या भाषेत एनसीएएचं ते बोर्डाचं ३५ टक्के, आणि युनिव्हर्सिटीची कटऑफ वेगळी. ३५ वाल्याला कटऑफच्या खाली घ्यायचं का हे ठरवायला खास कमिटी. कोच म्हणतो पोरगा पास झालाय, कमिटी म्हणते झाला असेल, आमच्याकडे नाही. दोघंही खरंच बोलतायत.

तरी मी स्पर्रियरच्या बाजूची आहे. कारण एकच, तारीख. ही पोरं फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी, मी ह्याच कॉलेजकडून खेळणार, अशा कागदावर सह्या करायची, शाळेत कॅमेरे, डोक्यावर कॉलेजची टोपी, आईच्या डोळ्यात पाणी, अख्ख्या गावाला कळलेलं असायचं. एकदा सही केली की बाकीच्या कॉलेजांनी त्याच्याशी बोलायचंही नाही. आणि मग उन्हाळा संपताना सांगायचं की तुझी फाइल बसत नाही? तोवर दुसरीकडच्या जागा भरलेल्या. नाही म्हणायचा कमिटीला पूर्ण हक्क आहे, पण सहीच्या आधी म्हणा ना. ज्या कागदावर सही घेता तो युनिव्हर्सिटीचाच असतो, कोचच्या घरचा नसतो. स्पर्रियरने आरडाओरडा केल्यावर युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटने पद्धत बदलायचं कबूल केलं. तो गेला नाही, २०१५ पर्यंत राहिला, २०११ ते २०१३ सलग तीन सीझन ११-११ मॅचेस जिंकून दिल्या.

आणि युनिव्हर्सिट्यांनी दर्जाबद्दल बोलताना जरा जपून बोलावं. जॉर्जिया युनिव्हर्सिटीत जॅन केंप नावाच्या बाई होत्या, कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्लिश शिकवायच्या. १९८१ च्या शेवटी नऊ फुटबॉल खेळाडू त्या विषयात नापास झाले तरी त्यांना पुढे ढकललं, कारण शुगर बोलची मोठी मॅच होती. बाई बोलल्या, बाईंची नोकरी गेली. त्या कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या, ज्युरीने पंचवीस लाख डॉलरच्या वर भरपाई द्यायला सांगितली (नंतर ती कमी झाली), प्रेसिडेंटला खुर्ची सोडावी लागली. त्या खटल्यात युनिव्हर्सिटीच्याच वकिलाने काय बाजू मांडली माहितीय? की ह्या पोराचा युनिव्हर्सिटीला साजेसा विद्यार्थी होणार नाही कदाचित, पण लिहावाचायला शिकवलं तर खेळ संपल्यावर कचरा उचलण्याऐवजी पोस्टात तरी लागेल. स्वतःच्या विद्यार्थ्याबद्दल, भर कोर्टात! नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीत तर १९९३ ते २०११, अठरा वर्षं, अशा विषयांचे वर्ग चालले जे भरायचेच नाहीत, एक पेपर लिहून द्यायचा आणि ग्रेड घ्यायची. तीन हजारांवर विद्यार्थी, त्यातले निम्म्याच्या आसपास खेळाडू. एनसीएएने २०१७ मध्ये शिक्षा केली नाही, का तर ती सवलत बाकीच्या विद्यार्थ्यांनाही होती. मला हसावं का रडावं कळेना.

आता माझं. मी एमएसला होते तेव्हा दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत (नाव राहू दे) स्टॅटिस्टिक्सची टीए, म्हणजे प्राध्यापकांची शिकवण्यातली मदतनीस, होते. तिसऱ्या रांगेत एक फुटबॉलवाला बसायचा, खुर्चीत मावायचा नाही आणि दहाव्या मिनिटाला झोपायचा. मी मनात शिक्का मारून मोकळी. एकदा ऑफिस अवर्सला आला, स्टँडर्ड डिव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) कळत नाही म्हणाला. मी म्हटलं दोन रनर घे, दोघांची सरासरी चार यार्ड, एक दर वेळी तीन-चार-पाच पळतो, दुसरा कधी शून्य कधी बारा. तो मधेच थांबवून म्हणाला, तिसऱ्या डाउनला (चार संधींतल्या तिसऱ्या संधीला) दोन यार्ड हवे असतील तर मी पहिल्याला बॉल देईन, म्हणजे हा आकडा भरवशाचा आहे तर! मी वीस जणांना शिकवलं असेल ते, इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. झोपायचा कारण पहाटे साडेपाचला वेट ट्रेनिंग असायचं. आणि इंजिनिअरिंग घ्यायचं होतं त्याला, पण लॅब दुपारी आणि प्रॅक्टिसही दुपारी, मग ॲडव्हायजरने दुसरा "सोयीचा" मेजर (मुख्य विषय) लावून दिला. नियम म्हणतो सीझनमध्ये आठवड्याला २० तास, पण एनसीएएच्याच पाहणीत फुटबॉलवाले चाळीसच्या वर तास सांगतात. फुलटाइम नोकरी झाली की ही.

इथे माझं कोच लोकांशी बिनसतं. पोराला आत घ्यायला पत्रकार परिषद घेता, मग त्याची लॅब बुडू नये म्हणून प्रॅक्टिस दोन तास सरकवायला कुणी आवाज चढवलेला मी तरी ऐकला नाही. जवळपास तसं बोलला तो जिम हार्बॉ, तेही २००७ लाच, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत फुटबॉल कोच असताना, की मिशिगन युनिव्हर्सिटी पोरांना सोप्या विषयांकडे वळवतं. तो स्वतः मिशिगनचा खेळाडू, त्याला हिस्टरी शिकायची होती. मिशिगनवाले जाम चिडले. आणि पुढे त्यालाच कोच म्हणून घेऊन आले, आणि २०२३ च्या सीझनला त्याने टायटल जिंकून दिलं. मग चिडणं कुठल्या कुठे.

तर मावसभावा, टेनिसमध्ये कॅमेरे आणि टोप्या नसतात, पण फाइल त्याच ऑफिसात जाते. कोचला उलटा मेल टाक, भाषा गोड ठेव, पण तीन गोष्टी विचार. ॲडमिशन ऑफिसने मार्कशीट बघितलीय का, हो किंवा नाही कधी कळणार, आणि तिला बायोलॉजी घ्यायचंय तर लॅबच्या वेळेला प्रॅक्टिस आली तर काय करता. पहिल्या दोनांची उत्तरं ऑफिसकडून लेखी आली की मग पेढे. तिसऱ्याचं उत्तर पोरीला स्वतःला वाचायला दे. आणि पेढे राजाराम रोडवरचे नकोत, आईला चालत नाहीत, घरी कर.