‘एफएसएच्या खान्यात शून्य भरा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

ऑक्टोबर सरत आला, अमेरिकेतल्या कंपन्यांमध्ये पुढच्या वर्षाचा विमा आणि इतर सवलती निवडण्याचे दिवस सुरू झाले, की मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘एफएसए, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, हा कंपनीचा सापळा आहे. ३१ डिसेंबरला उरलेले पैसे कंपनी गिळते. नोकरी गेली तर भरलेले सगळे बुडाले. डेकेअरसाठी सरकार टॅक्स क्रेडिट, म्हणजे थेट करात सूट, देतेच, मग हा उपद्व्याप कशाला? आणि घेतलेच असेल, तर आई-बाबांना भारतातून बोलवा आणि मुलांना सांभाळल्याचे पैसे त्यांना दिल्याचे दाखवा. एचएसए, म्हणजे आरोग्याचे बचत खाते, असेल तर एफएसए मिळत नाही, भारतातला खर्च चालत नाही. म्हणून त्या खान्यात शून्य भरा.’

या मजकुरातली बहुतेक विधाने धादांत खोटी नाहीत; ती कुठल्या तरी एका खात्याबाबत, कुठल्या तरी एका परिस्थितीत खरी आहेत, आणि म्हणूनच ती खोडून काढणे कटकटीचे होते. खरा घोटाळा असा की ‘एफएसए’ या एका नावाखाली दोन वेगळी खाती येतात आणि मजकूर लिहिणाऱ्याने एकाचे नियम सरसकट दुसऱ्याला लावले आहेत. एक खाते आरोग्याच्या खर्चाचे. २०२६ साठी त्याची कमाल मर्यादा दर कर्मचाऱ्यामागे ३,४०० डॉलर आहे. दुसरे मुलांच्या सांभाळाचे. त्याची मर्यादा १९८६ च्या करसुधारणेपासून, २०२१ चे अपवादात्मक वर्ष सोडले तर, दर कुटुंबामागे ५,००० डॉलरवर अडकून पडली होती, ती जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून ७,५०० झाली, अर्थात कंपनीने आपल्या योजनेत हा बदल स्वीकारला असेल तरच. दोन्हींत रक्कम पगारातून कर कापला जाण्यापूर्वीच बाजूला निघते. त्यामुळे त्या रकमेवर केंद्राचा आयकर लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांच्यासाठी होणाऱ्या कपातीचे मिळून ७.६५ टक्केही वाचतात. (राज्याच्या आयकराचे गणित राज्यागणिक बदलते, काही राज्ये ही सवलत पूर्णपणे मानत नाहीत.)

आता पैसे बुडण्याबद्दल. ‘वापरा नाहीतर गमवा’ हा नियम १९८४ मध्ये अर्थखात्याने मांडलेल्या नियमावलीतून आला आणि दीर्घकाळ तो खरोखरच निर्दय होता. पण २००५ मध्ये कंपन्यांना वर्ष संपल्यावर अडीच महिन्यांची वाढीव मुदत देण्याची मुभा मिळाली, आणि २०१३ मध्ये आरोग्याच्या खात्यातली ठरावीक रक्कम पुढच्या वर्षात नेण्याची. २०२६ मधून २०२७ मध्ये नेता येईल अशी रक्कम ६८० डॉलरपर्यंत आहे. कंपनी आरोग्याच्या खात्यासाठी या दोहोंपैकी एकच सवलत देऊ शकते, आणि एकही देण्याची तिच्यावर सक्ती नाही. आपल्या योजनेत काय आहे हे योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते दोन ओळींचे वाक्य शोधायला पाच मिनिटे लागतात, मेसेज पुढे पाठवायला दोन सेकंद, म्हणून मेसेज जिंकतो.

समजा, कोणतीच सवलत नाही. तरी हिशेब करून पाहावा. नवरा-बायको दोघांचे पगार प्रत्येकी नव्वद हजार डॉलर असतील, तर त्यांच्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर २२ टक्के आयकर आणि ७.६५ टक्के इतर कपात असे २९.६५ टक्के जातात. त्यांच्यापैकी एकाने आरोग्याच्या खात्यात ३,४०० डॉलर भरले, तर सुमारे १,००८ डॉलर कर वाचतो. म्हणजे वर्षभरात फक्त २,३९२ डॉलर खर्च झाले आणि उरलेले सगळे बुडाले, तरी माणूस बरोबरीत सुटतो. तोटा त्याखाली गेल्यावरच सुरू होतो. चष्मे, दातांची कामे, विम्याने न भरलेली डॉक्टरची बिले, आणि २०२० च्या कायद्यानंतर चिठ्ठीशिवाय मिळणारी तापाची-सर्दीची औषधे आणि सॅनिटरी पॅडसुद्धा या खात्यात बसतात, हे लक्षात घेतले तर अंदाज अगदीच अंधारातला उरत नाही. ज्याचा पगार सोशल सिक्युरिटीच्या २०२६ च्या १,८४,५०० डॉलरच्या मर्यादेपलीकडे जातो, त्याला त्यापलीकडच्या रकमेवर ६.२ टक्क्यांचा भाग वाचत नाही. त्याने आपली बरोबरीची रेषा वेगळी काढावी.

मुलांच्या सांभाळाच्या खात्यातली रक्कम पुढच्या वर्षात नेता येत नाही, इथे मेसेज खरा आहे. मात्र डेकेअरची फी ही जगातली सर्वांत भाकीत करण्याजोगी गोष्ट. महिन्याला एक हजार डॉलर फी असली, तर आठव्या महिन्यातच ७,५०० संपतात. बुडायला काही उरतच नाही. अडचण येते ती मूल तेरा वर्षांचे होते तेव्हा, कारण खर्च मूल तेरा वर्षांचे होण्यापूर्वीच्या सांभाळाचाच चालतो, किंवा मूल किंडरगार्टनमध्ये जाते तेव्हा, कारण किंडरगार्टनची शिकवणी फी चालत नाही. शाळेच्या आधीचा-नंतरचा सांभाळ आणि उन्हाळ्यातले दिवसाचे शिबिर चालते, रात्रीच्या मुक्कामाचे नाही.

नोकरी गेली तर सगळे बुडाले, हे विधान आरोग्याच्या खात्याबाबत जवळजवळ उलटे आहे. या खात्यात वर्षाला जितकी रक्कम भरायची ठरवली, तितकी पूर्ण रक्कम योजनावर्षाच्या पहिल्याच दिवसापासून वापरता येते, मग पगारातून एकच हप्ता का कापला गेलेला असेना. ३,४०० डॉलरचे २६ हप्ते पाडले तर एक हप्ता सुमारे १३१ डॉलरचा होतो. एखाद्याने जानेवारीत डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया करून पूर्ण रक्कम वसूल केली आणि फेब्रुवारीच्या मध्यावर, तीन हप्ते कापल्यावर, त्याची नोकरी गेली, तर उरलेले तीन हजारांहून अधिक डॉलर कंपनी त्याच्याकडून मागू शकत नाही. कंपनी दुसऱ्यांचे बुडालेले पैसे ठेवते असे म्हणताना हा दुसरा काटाही पाहायला हवा. उलट बाजू अशी की नोकरी सुटल्यावर हे खाते साधारणपणे बंद होते आणि त्या तारखेनंतर घेतलेल्या उपचाराचे पैसे, कोब्रा या, नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने सवलती चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली खाते चालू ठेवले नाही तर, मिळत नाहीत. आधीच्या उपचारांचे दावे मात्र योजनेने दिलेल्या मुदतीत करता येतात. म्हणून कपातीची कुजबुज असलेल्या कंपनीत काम करणाऱ्याने शून्य भरण्यापेक्षा दाताचे काम वर्षाच्या सुरुवातीला उरकावे, हा सल्ला जास्त शहाणपणाचा ठरतो. सांभाळाच्या खात्यात मात्र जितके कापले गेले तितकेच काढता येते, त्यामुळे तिथे कंपनीचेही काही जात नाही आणि आपलेही फारसे नाही.

टॅक्स क्रेडिटचा मुद्दा सर्वांत गंभीर, कारण त्यात अर्धे तथ्य आहे आणि २०२६ पासून ते थोडे वाढले आहे. हे क्रेडिट एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलर खर्चावरच मोजले जाते, आणि एफएसएतून घेतलेली प्रत्येक डॉलरची रक्कम या मर्यादेतून वजा होते. ७,५०० भरले की क्रेडिट संपलेच. आतापर्यंत बहुतेक नोकरदार जोडप्यांना क्रेडिटचा दर २० टक्केच मिळे. नव्या कायद्यात दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या जोडप्याला किमान ३५ टक्के मिळतो आणि त्यापुढे दर चार हजारांमागे एक टक्का घटत तो २० वर येऊन थांबतो. वरच्या उदाहरणातल्या, एक लाख ऐंशी हजार कमावणाऱ्या जोडप्याला २७ टक्के दर पडेल: दोन मुलांसाठी १,६२० डॉलर, एका मुलासाठी ८१०. एफएसएतून त्यांचे सुमारे २,२२४ डॉलर वाचतात. इथे शून्य भरणे म्हणजे दोन मुले असतील तर सहाशे आणि एक असेल तर चौदाशे डॉलर सोडून देणे. आता एक लाख दहा हजार उत्पन्न असलेले, बारा टक्क्यांच्या टप्प्यातले जोडपे घ्या. त्यांचे एफएसएतून १,४७४ वाचतात आणि दोन मुलांच्या क्रेडिटमधून २,१००. त्यांनी मेसेजचे ऐकलेलेच बरे. मात्र मूल एकच असेल तर त्यांचे क्रेडिट १,०५० वर येते आणि पारडे पुन्हा एफएसएकडे झुकते. उत्पन्न आणि मुलांची संख्या न विचारता दिलेला कोणताही सल्ला, या बाजूचा असो की त्या, फुकट समजावा. ज्यांचा आदल्या वर्षीचा पगार १,६०,००० डॉलरहून अधिक होता त्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: जास्त पगाराच्या लोकांनाच लाभ मिळतोय का, याची चाचणी कंपनीला द्यावी लागते आणि त्यापायी त्यांची सांभाळाची मर्यादा मध्येच कमी केली जाऊ शकते.

आई-बाबांना पैसे दिल्याचे दाखवण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र मला मऊ शब्द वापरता येत नाहीत. आजी-आजोबांना सांभाळाचे पैसे देणे मुळात नियमबाह्य नाही. ते तुमच्यावर कर भरण्याच्या दृष्टीने अवलंबून नसतील, तर चालते. पण कर भरताना फॉर्म २४४१ वर सांभाळणाऱ्याचा करक्रमांक लिहावा लागतो आणि त्यांना ते उत्पन्न दाखवावे लागते. ग्रीन कार्ड असलेल्या आजीला हे जमेल. सहा महिन्यांसाठी पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीला मोबदल्याचे काम करण्याचीच परवानगी नाही. नातवाला तिने प्रेमाने वरणभात भरवावा, त्याला कुणाची हरकत नाही. पण कागदावर तिला पगारी दाई केले, तर करचोरीच्या जोडीला तिच्या पुढच्या व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो.

त्याच ओघात मेसेजने न सांगितलेली, पण आपल्या लोकांना सर्वाधिक लागू असलेली अट सांगायला हवी. सांभाळाच्या खात्याची सूट नवरा-बायकोपैकी ज्याची कमाई कमी असेल त्याच्या कमाईइतकीच मिळते. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या आणि कामाचा परवाना नसलेल्या जोडीदाराची कमाई शून्य असेल, तर सूटही शून्य; भरलेले पैसे डब्ल्यू-२ या वार्षिक पगारपत्रकाच्या दहाव्या खान्यात दिसतात आणि कर भरताना पुन्हा उत्पन्नात मिळवावे लागतात. जोडीदार पूर्णवेळ शिकत असेल, तर शिक्षणाच्या प्रत्येक महिन्यामागे एका मुलासाठी २५० आणि दोन किंवा अधिकांसाठी ५०० डॉलर कमाई आहे असे कायदा मानतो. जोडीदार कमावतही नाही आणि शिकतही नाही, अशा परिस्थितीत सांभाळाच्या खात्यात शून्य भरणेच बरोबर आहे, आणि नेमकी तीच मेसेजमध्ये नाही.

एचएसएचे प्रकरण छोटे आहे. आरोग्याचे सर्वसाधारण एफएसए असताना एचएसएत भरणा करता येत नाही, अगदी ते जोडीदाराच्या कंपनीचे असले तरी. आणि त्या एफएसएत मागच्या वर्षाचे वीस डॉलर जरी पुढे आलेले असले, तरी ते पूर्ण वर्ष एचएसएचा भरणा अडवतात. पण फक्त दात आणि डोळ्यांपुरते मर्यादित एफएसए एचएसएबरोबर चालते, आणि सांभाळाच्या खात्याचा एचएसएशी काही संबंधच नाही.

राहिला भारतातला खर्च. तो चालतो. दोन्ही देशांत कायदेशीर असलेला उपचार भारतात घेतला तर त्याचे पैसे आरोग्याच्या खात्यातून मिळतात. औषधे तिथेच विकत घेऊन तिथेच घेतली तर चालतात, बॅगेत भरून आणलेली चालत नाहीत. उपचार मात्र स्वतःचा, जोडीदाराचा किंवा मुलांचा हवा. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन यात बसत नाही, कारण अवलंबित म्हणून अमेरिकेचे नागरिक नसलेले, अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोबाहेर राहणारे पालक मोजले जात नाहीत. ते इकडे येतात तेव्हाचा प्रवासी विम्याचा हप्ताही नाही. हप्ता कोणताच चालत नाही.

भारतातल्या खर्चाचा दावा फेटाळला जातो तो बहुतेकदा पावतीमुळे. पुण्यात मी एक रूट कॅनाल आणि त्यावरची टोपी करून घेतली, तेव्हा दवाखान्याने कार्बन लावलेल्या पावतीपुस्तकातून फाडून दिलेल्या कागदावर माझे आडनाव, ‘प्रोफेशनल चार्जेस’ आणि एक आकडा, एवढेच होते. दावा आठवड्यात परत आला: रुग्णाचे पूर्ण नाव नाही, उपचार कोणता ते नाही, कोणत्या दिवशी झाला ते नाही. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, आमच्याकडे इतके कुणी विचारत नाही हो. दोन दिवसांनी लेटरहेडवर टंकलिखित बिलाचा फोटो आला. त्यात तिन्ही भेटींच्या तारखा होत्या, प्रत्येकीची वेगळी रक्कम होती, आणि खालच्या उजव्या जबड्यातल्या त्या दाताचा क्रमांकसुद्धा होता. त्या दिवसाच्या दराने रुपयांचे डॉलर करून दावा पुन्हा घातला, आणि या वेळी तो एका फटक्यात मंजूर झाला.